कॅन म्हणाला की कान्ट? इंग्लिशमधल्या गिळलेल्या 'ट'बद्दल थोडं

२०२५ च्या सुरुवातीला एक बातमी फिरत होती. टेलिपरफॉर्मन्स नावाची फ्रान्सची मोठी कॉल सेंटर कंपनी भारतातल्या एजंटांसाठी एआयचं असं सॉफ्टवेअर वापरतेय की एजंट बोलणार आपल्या नेहमीच्या इंग्लिशमधे आणि पलीकडच्या गिऱ्हाईकाला ऐकू येताना त्यातला भारतीय ॲक्सेंट कमी झालेला असणार, तेही बोलता बोलता. पुण्यात यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया ऐकल्या. एक म्हणजे, "आता आवाज पण आपला राहू देणार नाहीत का हे". आणि दुसरी, "मला हेच उलट्या बाजूने पाहिजे, तो टेक्ससवाला काय पुटपुटतोय ते मला कळेल असं काहीतरी काढा".

मला दुसरी जास्त प्रामाणिक वाटली. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठेही संध्याकाळच्या कॉलवर बसणाऱ्या माणसाला विचारा, मोठे शब्द कधीच अडत नाहीत. इन्फ्रास्ट्रक्चर कळतं, रीकन्सिलिएशन कळतं, अडतं ते इवल्याशा शब्दांवर. समोरचा "कॅन" म्हणाला का "कान्ट"? "डिड" म्हणाला का "डिडन्ट"? आणि गंमत म्हणजे नेमकं इथेच होकाराचा नकार होतो, म्हणजे चुकलं की सगळंच उलटं.

तर हे असं का होतं, ते इंग्रज-अमेरिकन लोक मुद्दाम करतात का, त्यांच्यात तरी एकमत आहे का, आणि आपण काय करायचं, एवढंच यात सांगायचंय. ग्रामरचा तास घेणार नाही.

आधी हे असतं काय

एकच तांत्रिक शब्द सांगतो आणि मग तो शक्यतो वापरणार नाही. दोन शब्द नेहमी शेजारी शेजारी येऊन येऊन एकमेकांना चिकटले आणि मधला एखादा आवाज गळून पडला, की जे जोडून तयार होतं त्याला काँट्रॅक्शन म्हणतात. डू नॉटचं डोन्ट, आय ॲमचं आय'म, वी विलचं वी'ल. जिथे काही गळलंय तिथे लिहिताना वरती एक स्वल्पविराम देतात, तो अपॉस्ट्रॉफी. शाळेत आम्ही त्याला सरळ वरचा कॉमा म्हणायचो आणि इथेही तेच म्हणणार आहे.

यात दोन घराणी आहेत, ती वेगळी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. एक 'नॉट'वाली, डोन्ट, कान्ट, वोन्ट, इझंट, वुडन्ट. यात नॉटचा फक्त 'न्ट' उरून आधीच्या क्रियापदाला लागतो. दुसरी आय'म, ही'ज, वी'व्ह, दे'ल वाली, यात ॲम, इज, हॅव, विल असली किरकोळ क्रियापदं झिजून आधीच्या शब्दाच्या शेपटीला लागतात.

लोकल आणि डेक्कन क्वीन

मराठी बोलताना आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा त्याचा वेळ देतो. "मी उद्या सकाळी फाइल पाठवतो" हे म्हणून बघा, कोणी पूर्ण गायब होत नाही. पुणे-लोणावळा लोकल असते तसं, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, सगळीकडे थांबणार, बेगडेवाडीला कोणी चढणारं नसलं तरी थांबणार. इंग्लिश म्हणजे डेक्कन क्वीन. मोजक्या ठिकाणी थांबते आणि मधली स्टेशनं खिडकीतून अशी सर्रकन जातात की पाटी वाचता येत नाही. थांबायची स्टेशनं म्हणजे अर्थ वाहणारे शब्द, फाइल, सेंड, टुमॉरो वगैरे, आणि न थांबता जायची म्हणजे कॅन, ॲम, हॅव, टू, ऑफ, फॉर असली सगळी जनता.

भाषाशास्त्रवाले भाषांची अशी विभागणी बरीच वर्षं करत आलेत, आणि यंत्राने मोजायला गेलं की ती वाटते तेवढी काटेकोर निघत नाही हेही त्यांनीच सांगितलंय. पण कान तयार करायला एवढं पुरतं.

आता न थांबता गेलेल्या शब्दाचं काय होतं, तर त्याचा स्वर मरतो. 'कॅन'मधला ॲ जातो आणि आपल्या साध्या 'अ'सारखं पुसट काहीतरी उरतं, "कन", किंवा घाईत असेल तर नुसतं "क्न". 'टू'चं "ट", 'फॉर'चं "फर", 'ॲम'चा तर नुसता "म". आणि हे फक्त भराभर बोलणारे करतात असं नाही, बातम्या देणारा माणूस सावकाश बोलतानाही हेच करतो. एकदा स्वर मेला की उरलेलं शेजाऱ्याला चिकटणार हे ओघानेच आलं.

'ट' शोधू नका

आता मुख्य मुद्दा, इथे जरा जास्त वेळ घालवतो.

आपण शाळेत शिकलो की कॅन म्हणजे होकार, आणि त्याच्या शेवटी ट आला की नकार. म्हणून आपण कान लावून ट शोधत बसतो. अमेरिकन माणूस तो ट बहुतेक वेळा फोडतच नाही. जीभ टच्या जागेवर जाऊन बसते, किंवा आवाज घशातच अडतो, हवा काही बाहेर सुटत नाही. पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल, "कान्ट डू", "कान्ट सेंड" असं, तर विचारूच नका. म्हणजे जे आपण शोधतोय ते तिथे नाहीच.

मग त्यांचं त्यांना कसं कळतं? जोरावरून आणि स्वरावरून. होकाराचं वाक्य असतं "आय क्न सेंड इट", सगळा जोर सेंडवर, कॅन जवळजवळ नाहीच. नकाराचं वाक्य असतं "आय कॅऽन् सेंड इट", म्हणजे कॅनचा स्वर पूर्ण, ठसठशीत, आणि मग किंचित अडकल्यासारखं. थोडक्यात, कॅन नीट ऐकू आलं की नकार, नीट ऐकू नाही आलं की होकार! आपल्या अपेक्षेच्या बरोब्बर उलटं.

आता याची दुसरी बाजू जास्त धोक्याची. आपण बोलताना काय करतो? आपली लोकल प्रत्येक स्टेशनला थांबते, त्यामुळे आपण "वी कॅन डू इट" यातला कॅन अगदी स्वच्छ, पूर्ण स्वरासकट म्हणतो. आणि अमेरिकन कानाला पूर्ण कॅन म्हणजे नकार. एका मित्राच्या टीममधला किस्सा आहे, खराडीला, रिलीजच्या आधीचा कॉल. टीम लीड अगदी ठणकावून म्हणाली, "वी कॅन डू इट टुनाइट." पलीकडून शांतता, मग क्लायंट म्हणाला, "ओह. व्हाय नॉट?" यांनी म्यूट केलं.

"हो म्हणाला ना?"

"हो रे, व्हाय नॉट म्हणाला की. करूया, का नाही, असं."

"मॅडम, त्याचा आवाज जरा पडलेला वाटला पण."

"त्याचा तसाच असतो. चला, जेवणं मागवून घ्या."

त्याला ऐकू आलं होतं "आज रात्री जमणार नाही", आणि तो बिचारा का नाही जमणार ते विचारत होता. रात्री बिल्ड गेला, तिकडे सकाळी त्यांची माणसंच जागेवर नव्हती, कारण त्यांना वाटलं पुढे ढकललंय. भांडण वगैरे झालं नाही, पण मेलांची जी साखळी झाली ती बघण्यासारखी होती म्हणे.

यात एक चांगली बातमी पण आहे. आपला "कान्ट", तो आ वाला, पूर्ण सुरक्षित आहे. तो ब्रिटिश उच्चार आहे, अमेरिकनांना तो ओळखीचा आहे, आणि कान्ट आणि कॅन यात गोंधळ व्हायचा प्रश्नच येत नाही. तेव्हा क्लासमधे कोणी सांगितलं की "कॅन्ट म्हणा, अमेरिकन वाटेल", तर अजिबात ऐकू नका, कारण एकमेव जिथे आपलं स्पष्ट होतं तिथेच तुम्ही गढूळ करून ठेवाल. बदलायचाच तर होकाराचा कॅन बदला, तो छोटा करा आणि जोर पुढच्या क्रियापदावर टाका. "वी क्न डू इट." आधी विचित्र वाटतं, काहीतरी खाल्ल्यासारखं, पण पलीकडच्याला बरोबर पोचतं.

एक पोटनियम राहिला. वाक्य कॅनवरच संपत असेल, "येस, वी कॅन", तर तो पूर्णच म्हणायचा, तिथे तेही पूर्णच म्हणतात. शेवटच्या स्टेशनवर डेक्कन क्वीनला पण थांबावं लागतं.

गावोगावचे कान्ट

"खरा उच्चार कुठला मग?" हा प्रश्न येणारच. एक नाही. लंडनकडचं शिष्ट इंग्लिश "कान्ट" म्हणतं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाले पण आ च लावतात, फक्त त्यांचा आ तोंडात जरा पुढे असतो. आपल्याकडे इंग्लिश ब्रिटिशांकडून आलं म्हणून आपलाही आ. अमेरिका आणि कॅनडा ॲ वर.

जमैकात सगळ्यात मजा आहे. तिथल्या बोलीत कॅनचं "क्यॅन" होतं आणि कान्टचं "क्याऽन", ट पूर्ण गेलेला, फरक फक्त स्वराच्या लांबीत. वेस्ट इंडीजच्या खेळाडूंच्या मुलाखती ऐकताना आपल्याला मधेच काहीच कळेनासं होतं त्यातलं एक कारण हे. स्कॉटलंडच्या बोलीत नॉटचा 'न्ट' होत नाही, 'ने' होतो, कॅने, डिने, विल्ने. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडची माणसं चिकटवायची जागाच बदलतात, दक्षिणेकडचा माणूस "आय हॅवन्ट सीन इट" म्हणेल तिथे उत्तरेकडचा "आय'व्ह नॉट सीन इट" म्हणायची शक्यता जास्त, "ही वोन्ट कम"च्या जागी स्कॉटिश माणूस "ही'ल नॉट कम" म्हणेल. दोन्ही बरोबर, एकात नॉट झिजला आणि एकात हॅव झिजला, एवढंच. अमेरिकेच्या दक्षिणेत इझंटचा "इड्न्ट" होतो आणि वॉझंटचा "वड्न्ट", आणि तुम्ही सगळे म्हणायला "यॉल", म्हणजे यू ऑल. लंडनच्या पोरांनी इझंट इटचं "इनिट" केलं आणि ते आता प्रत्येक वाक्याच्या शेवटी लावतात, व्याकरणाने बसो न बसो.

यावर आपण हसायचं कारण नाही. आपणही "यू आर कमिंग टुमॉरो, इझंट इट?" म्हणतोच. तिथे आर्न्ट यू पाहिजे, पण आपल्या डोक्यात "उद्या येणारेस, नाही का?" चालू असतं आणि नाही का हे कुठल्याही वाक्याला लागतं, त्यामुळे इझंट इट पण कुठल्याही वाक्याला लावून मोकळं.

अजून एक आपल्याकडचं खास म्हणजे वॉन्ट आणि वोन्ट. पाहिजे आणि करणार नाही, अर्थ जवळपास उलटे, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या तोंडून दोन्ही एकसारखे येतात. यात स्वराची सवय नाही झाली तर निदान पुढच्या शब्दाचा आधार घ्या, वॉन्टच्या पुढे क्रियापद असेल तर मधे टू येतो, "आय वॉन्ट टू गो", वोन्टच्या पुढे येत नाही, "आय वोन्ट गो". तो टू गिळू नका म्हणजे झालं.

पण हा आळसच नाही का?

हा आक्षेप मला नेहमी अशा काकांकडून ऐकायला मिळतो ज्यांनी रेन अँड मार्टिनचं ग्रामर पाठ केलंय. "आमच्या वेळी पूर्ण बोलायचे." काका, तुमच्या वेळीच काय, १७११ मधे पण हीच तक्रार होती. जोसेफ ॲडिसन नावाच्या लेखकाने तेव्हा स्पेक्टेटर या लंडनच्या पत्रात लिहिलं होतं की हे मेन्ट (मे नॉट), कान्ट, शान्ट (शॅल नॉट), वोन्ट आपल्या भाषेत व्यंजनांचा नुसता गाळ भरतायत. त्याला तीनशे वर्षं होऊन गेली, मेन्ट जवळजवळ गेला, शान्ट म्हातारा झाला, आणि कान्ट, वोन्ट ठणठणीत आहेत.

आणि हे आळसाने झालं असतं तर ते वाटेल तसं झालं असतं. ते तसं नाहीये. विल नॉटचं विल्न्ट का नाही झालं, वोन्ट का झालं? कारण जुन्या इंग्लिशमधे विलचं 'वोल' असं पण एक रूप होतं. वोल एकटं बोलण्यातून गेलं, विल राहिलं, पण नॉटला चिकटलेला तेवढा वोल तसाच वाचला.

एन्ट या शब्दाचं मात्र वाईट झालं. ॲम नॉट आणि आर नॉट यातूनच तो निघाला, कान्ट-डोन्टइतकाच खानदानी, पण पुढे त्याच्यावर गावंढळ असा शिक्का बसला तो बसलाच. १९६१ साली अमेरिकेत वेब्स्टरच्या मोठ्या डिक्शनरीची तिसरी आवृत्ती आली तेव्हा त्यात एन्टला पुरेसं नाक मुरडलं नाही म्हणून वर्तमानपत्रांनी रान उठवलं होतं. म्हणजे कुठला जोड सभ्य आणि कुठला असभ्य हे भाषेने ठरत नाही, कोणाच्या तोंडी आहे त्यावर ठरतं.

आता जरा स्वतःकडे बघा. जात आहे चं जातोय, झालं आहे चं झालंय, नाही आहे चं नाहीये. न होता चं नव्हता, न असतो चं नसतो. नव्हता म्हणणाऱ्याला आळशी कोणी म्हणालंय का? आणि हेही गावोगाव वेगळं आहे, पुण्यात "काय करतोयस", कोल्हापूरला "काय करालाईस", सोलापूर-मराठवाड्याकडे "काय करायलास". नागपूरला मात्र उलट लांबतं, "काय करून राहिला". नाहीचं म्हणाल तर नाय, न्हाई, नै, यादी करायला बसलो तर जेवायची वेळ होईल.

आणि एकदा जोडलेलं रूप नेहमीचं झालं की सुट्या रूपाला वेगळाच सूर येतो, हे दोन्ही भाषांत सारखं. सदाशिव पेठेतलासुद्धा कोणी "मी जेवत आहे" म्हणत नाही, जेवतोयच म्हणतो. आणि "मी जेवत आहे" असं सुटं सुटं म्हणालाच तर समजायचं की तुम्ही एक ते चारच्या मधे बेल वाजवलीय. तसंच "आय डोन्ट नो" म्हणजे मला माहीत नाही, आणि "आय डू नॉट नो" म्हणजे मला माहीत नाही आणि परत विचारू नका. आपल्या मेलांमधे "आय डिड नॉट रिसीव्ह द फाइल", "आय ॲम नॉट अवेअर" अशी सगळी सुटी रूपं असतात, कारण आपल्याला ती शुद्ध आणि नम्र वाटतात. वाचणाऱ्याला ती थोडी ताठ वाटतात. एखाद्याला वाटतं आपलं काही चुकलं का.

जिथे चिकटवायचं नाही

"आर यू कमिंग?" "येस, आय'म." हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि इंग्लिशमधे हे चालत नाही, कुठल्याच देशात. आय'म मधला 'म' पुढच्या शब्दाच्या भरवशावर छोटा झालेला असतो, पुढे कोणी नसेल तर त्याला छोटं होता येत नाही. म्हणून "येस, आय ॲम". पण "नो, आय डोन्ट", "नो, वी कान्ट" बिनधास्त चालतं. का? तर ती दोन घराणी आठवा. 'न्ट' हा नुसता चिकटलेला शब्द राहिलेला नाही, तो आपल्या ला, ने, चा सारखा प्रत्ययच झालाय, असं झ्विकी आणि पुलम या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडलं आणि ते बऱ्याच जणांना पटलं. त्यांचा एक पुरावा सोपा आहे, प्रश्न करताना इझंट अख्खाच्या अख्खा पुढे जातो, "इझंट इट कोल्ड?" पण सोडवून "इज नॉट इट कोल्ड?" असं कोणी म्हणत नाही. म्हणजे तो आता सुटतच नाही.

आय'म नॉटचं मात्र नॉटवालं रूप बहुतेकांकडे नाही. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधे "ॲमन्ट आय" म्हणतात, जे खरं तर सगळ्यात सरळ आहे, आणि बाकीचे "आर्न्ट आय?" म्हणतात, म्हणजे मी साठी आर! आपण लिहिलं असतं तर मार्क गेले असते.

गॉना, वॉना यांची पण तीच गत, दिसतात मोकाट पण नियम कडक. गोइंग टूचं गॉना होतं ते फक्त पुढे काही करणार असाल तर, "आय'म गॉना ईट". गावाला जाणार असाल तर नाही. "आय'म गॉना मुंबई" हे रील्सवर चालेल, बाकी कुठे नाही.

शुड हॅवचं शुड'व्ह होतं, ते ऐकायला शुड ऑफसारखं लागतं, आणि त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेतली शिकलेली माणसं पण "शुड ऑफ" असं लिहून बसतात. ही चूक आपल्याकडे फारशी दिसत नाही, कारण आपण इंग्लिश आधी डोळ्यांनी शिकलो आणि मग कानांनी. तेवढंच आपलं एक समाधान.

'येस' म्हणालो म्हणजे नाही म्हणालो

ट नीट ऐकू आला तरी एक खड्डा राहतोच. समोरचा विचारतो, "यू डिडन्ट गेट द फाइल?" तुम्हाला फाइल मिळालेली नाही. तुम्ही म्हणता "येस". तो म्हणतो "ग्रेट" आणि पुढच्या विषयावर जातो.

मराठीत "फाइल मिळाली नाही का?" याला "हो, नाही मिळाली" हे बरोबर उत्तर आहे. आपला हो समोरच्याच्या वाक्याला असतो, तुम्ही म्हणताय ते बरोबर, या अर्थाने. इंग्लिशचा येस-नो समोरच्याच्या वाक्याकडे बघत नाही, स्वतःच्या उत्तराकडे बघतो. उत्तरात नकार असेल तर नो. "नो, आय डिडन्ट." चहाचं पण तेच, "डोन्ट यू वॉन्ट टी?" याला "येस" म्हणालात की चहा येतो. नको असेल तर नो, थँक्स.

यावरचा उपाय इतका साधा आहे की सांगायला पण लाज वाटते, एकट्या येस-नोवर थांबायचंच नाही, छोटं वाक्य पूर्ण करायचं. "नो, आय डिडन्ट गेट इट." कॉलवर आवाज तुटला तरी गेट इट ऐकू येतं आणि नो ऐकू येतो, दोनपैकी एक तरी पोचतं.

लिहिताना वापरायचे का?

शाळेत सांगतात की लिहिताना वापरू नका, आणि परीक्षेत, अर्जात, रिसर्च पेपरमधे अजूनही तेच धरून चालावं. पण ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटची जी लेखनाची नियमावली आहे, गव्ह डॉट यूकेची, ती गमतीदार आहे. यू'ल, वी'ल असली रूपं वापरा म्हणते, वाचणाऱ्याला आपलं वाटतं म्हणून, पण कान्ट, डोन्ट असली नकाराची टाळा म्हणते, कारण घाईत वाचताना अनेकांचा नकार सुटतो आणि ते उलटा अर्थ घेतात. बघा, ज्यांची भाषा आहे त्यांचंही वाचताना तसंच होतं, तिथे आपण ऐकताना का मनाला लावून घ्यायचं. विमानांच्या रेडिओवर तर हा विषयच मिटवलाय, एखादी सूचना पाळणं शक्य नसेल तर पायलटने वापरायचा ठरलेला शब्द आहे "अनेबल". लोहगावला उतरणारा पायलट कुठल्याही देशाचा असो, शब्द तोच.

इट्स आणि इट'सचं एका ओळीत, वरचा कॉमा असेल तर तो इट इज किंवा इट हॅज, त्याचं-तिचं असं म्हणायचं असेल तर कॉमा नाही. यावर याहून जास्त वेळ घालवायची माझी इच्छा नाही. बर्नार्ड शॉ तर डोन्ट, वोन्टमधला वरचा कॉमा लिहायचेच नाहीत आणि त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं.

मग ॲक्सेंट बदलायचा का?

त्या सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं बहुधा हो असेल. माझं नाही. आपला र, आपला ट, आपली लय, यातलं बहुतेक सगळं समोरच्याला पाचदहा मिनिटांत सवयीचं होतं, तो तक्रार करत नाही आणि करू पण नये. डेक्कनवर, जेएम रोडवर अमेरिकन ॲक्सेंट शिकवण्याच्या जाहिराती दिसतात, तिथे पैसे घालून तोंडात बटाटा धरल्यासारखं बोलायला शिकलेली पोरं मी पाहिलीत, आणि ती पण कॅन पूर्णच म्हणतात.

जिथे होकाराचा नकार होतो तेवढ्याच जागा सांभाळल्या तरी खूप झालं. होकाराचा कॅन छोटा, कान्ट आपला आहे तसा. फार महत्त्वाचं असेल, पैसे, तारखा, औषधं, तर कॅन-कान्टच्या वाटेला न जाता "वी विल डू इट टुनाइट" किंवा "वी आर नॉट एबल टू" असं सांगावं. मेलमधे कॅनॉट एका शब्दात, पूर्ण. आणि समोरच्याचं नीट कळलं नाही तर सरळ विचारावं, "सॉरी, कॅन ऑर कॅनॉट?" यात कमीपणा काही नाही, ती माणसं आपापसांत पण हा प्रश्न विचारतात, "कॅन ऑर कान्ट?" म्हणून, आणि मग उत्तर देणारा तो ट एकदाचा फोडतो.